दिवा आणि काजळी

माझ्या भाच्याला गेल्या वैशाखांत तारापूरच्या अणुवीज-केंद्रांत नेमणूक मिळाली. मुलगा हुशार आहे, यंत्रशास्त्राची पदवी त्यानें वरच्या वर्गांत मिळविली आहे, स्वभावानें सरळ आहे. त्याला आनंद झाला, त्याच्या वडिलांनाहि झाला. पण माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, हिनें मात्र दोन दिवस घरांत कोणालाच अन्न गोड लागूं दिलें नाहीं. तिनें मला कर्जतला निरोप धाडला : "तुझा शब्द तो मोडणार नाहीं. त्याला सांग, दुसरी कसलीहि चाकरी कर, पण त्या भट्टीजवळ जाऊं नकोस." निरोपापाठोपाठ भाचाहि आला. "मामा, आईची समजूत घालणें मला साधत नाहीं. तुम्हीं जा म्हटलें तर मी जाईन, नको म्हटलें तर जाणार नाहीं," असें बोलून त्यानें आपल्यावरचा भार माझ्या खांद्यावर ठेवला आणि स्वतः ओटीवर निवांत झोंपीं गेला. तरुण माणसांना हें चांगलें साधतें.

केवळ भीतीचाच प्रश्न असता तर मला एवढा विचार पडला नसता. भट्टीजवळ काम करणाराच्या अंगावर किरणांचें माप घेणारी पट्टी असते. त्याच्या वाट्यास किती किरण आले याचा वर्षभर हिशोब राहतो, आणि तो मर्यादेबाहेर जाऊं लागला तर त्याला त्या कामावरून दूर करतात. चेर्नोबिल येथें १९८६ सालीं व फुकुशिमा येथें २०११ सालीं काय घडलें तें मीं ताईपासून लपविलें नाहीं. पण कोळशाच्या धुरानें दरवर्षीं जीं माणसें गाजावाजा न होतां मरतात त्यांची बेरीज कोणी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापीत नाहीं, हेंहि तिला सांगितलें. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि मग म्हणाली, "तुला-मला कांहीं होणार नाहीं, त्यालाहि होणार नाहीं, असें धरून चालूं. पण चुलीची राख आपण आपल्या परसांत तरी टाकतों. ती राख हे लोक कोठें टाकणार? कोण राखणार तिला, आणि किती दिवस?"

या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. तें शोधतां शोधतां जें सुचलें तेंच येथें लिहीत आहें.

कर्जत-खालापूरच्या माणसाला विजेचें ऋण म्हणजे काय, हें दूर जाऊन शिकावें लागत नाहीं. आमच्या पूर्वेला घाटाची भिंत उभी आहे, आणि या देशांतील विजेच्या इतिहासाचा एक मोठा अध्याय या भिंतीवरूनच खालीं उतरला. लोणावळ्याच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचा उपयोग करून घेण्याची कल्पना डेव्हिड गॉसलिंग नांवाच्या अभियंत्यानें जमशेटजी टाटांच्या मनांत भरविली. जमशेटजी १९०४ सालीं वारले. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनीं तें काम तडीस नेलें. १९११ च्या फेब्रुवारींत लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. जें पाणी एरव्हीं भीमा-कृष्णेच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास जावयाचें, तें वळवण, लोणावळा व शिरवटा येथें अडवून उलट पश्चिमेकडे फिरविलें, डोंगराच्या अंगावरून नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं सोडलें, आणि त्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. पुढें १९२२ सालीं आमच्या कर्जत तालुक्यांतलें भिवपुरीचें वीजगृह झालें, १९२७ सालीं भिऱ्याचें झालें. पाण्याला त्या काळीं 'पांढरा कोळसा' म्हणण्याची रीत होती. या कोळशाला धूर नव्हता, राख नव्हती, काजळी नव्हती. निदान मुंबईंतून पाहणाराला ती दिसत नव्हती.

चक्रें फिरवून झाल्यावर जें पाणी उरतें तें खोपोलीस पाताळगंगेंत पडतें, आणि भिवपुरीस उल्हास नदीच्या खोऱ्यांत. भिवपुरीच्या याच पाण्यावर आमच्याकडचा राजनाला वाहतो. माझ्या वडिलांची थोडी जमीन त्या नाल्यावर होती. भर चैत्रांत सारा तालुका भाजून निघालेला असतां आमच्या खाचरांत उन्हाळी भात हिरवागार उभा असे, आणि आम्ही मुलें तो देवाचाच प्रसाद समजत होतों. आमच्या आळींत एक फार वृद्ध बाई राहत. सगळे त्यांना आजीच म्हणत. नाल्याच्या कांठीं त्या कधीं बसत नसत, पाण्यांत पाय सोडीत नसत, एकदां मीं कारण विचारलें तेव्हां त्या सहज म्हणाल्या, "अरे, या पाण्याखालीं माझं माहेर आहे, आणि या पाण्यावर माझं सासर जेवतंय. यांत पाय कसा सोडूं?" त्यांचें गांव घाटावरच्या एका तलावांत त्या परकरी पोर असतांनाच गेलें होतें. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, तक्रारहि नव्हती. ताटांतल्या अन्नाला नमस्कार करावा त्या भावनेनें त्या त्या पाण्याला दुरून हात जोडीत. नीतिशास्त्रावरचे ग्रंथ मीं पुढें पुष्कळ चाळले. पण विजेच्या बाबतींत दिवा कोणाचा आणि काजळी कोणाची, हा प्रश्न आजींच्या त्या दोन वाक्यांइतका स्पष्ट मला कोणी सांगितलेला नाहीं.

सगळेच कांहीं आजींसारखे हात जोडून बसले नाहींत. मुळशी पेट्यांतील मावळे १९२१ सालीं धरणाच्या कामावर जाऊन बसले, आणि सेनापति बापटांनीं तो लढा १९२४ पर्यंत चालविला. लढा हरला. पण ज्याचें घर बुडणार आहे त्याला विचारल्यावांचून मोठ्या संख्येच्या सुखाचा हिशोब पुरा होत नाहीं, ही गोष्ट त्या शेतकऱ्यांनीं महाराष्ट्राला कायमची शिकविली. दुसरा प्रसंग तर आमच्या घरचाच. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनीं १९४२ सालीं आझाद दस्ता उभारला, आणि मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे त्यांच्या माणसांनीं रात्रीं करवतींनीं कापून पाडले. ज्या तारा आमच्या डोक्यावरून जात, पण आमच्या घरांत उतरत नव्हत्या, त्या त्यांनीं तोडल्या. कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर पडले. त्यांचें भांडण परक्या सत्तेशीं होतें, विजेशीं नव्हतें, हें खरें. तथापि तार ज्यांच्या अंगणावरून जाते ते कांहीं नुसते खांब नव्हेत, एवढें या प्रसंगावरून मुंबईला कळलें असावें.

या दोन्ही गोष्टी सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पाण्याच्या विजेंत ज्याच्यावर भार पडतो तो आपल्या डोळ्यांपुढें असतो. त्याला विचारतां येतें. विचारलें नाहीं तर तो आपण होऊन बोलतो, वाटेंत आडवा बसतो, शेवटीं करवत हातांत घेतो. त्याच्यावर अन्याय झाला तरी तो कोणावर झाला हें सांगतां येतें. अणूच्या राखेचा भार ज्यांच्यावर पडणार ते अजून जन्माला यावयाचे आहेत. त्यांनीं सत्याग्रह कोठें करावा?

खोपोली आणि तारापूर यांचें नातें केवळ माझ्या कल्पनेंतलें नाहीं. होमी भाभांच्या आत्या मेहेरबाई या दोराबजी टाटांच्या पत्नी. ज्या घरांत घाटाच्या पाण्याच्या गोष्टी चालत, त्याच गोतावळ्यांत हा मुलगा वाढला, आणि १९४८ सालीं अणुशक्ति आयोग स्थापन झाला तेव्हां त्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९६६ च्या जानेवारींत विमानाच्या अपघातांत भाभा गेले. तारापूरची वीज १९६९ सालीं आली, ती त्यांनीं पाहिली नाहीं. तीं पहिलीं दोन यंत्रें अमेरिकन बनावटीचीं होतीं. पुढें २००५ व २००६ सालीं प्रत्येकीं ५४० मेगावॅटांचीं दोन देशी यंत्रें तेथें उभीं राहिलीं. खोपोली आणि भिवपुरी या दोन्ही वीजगृहांची शक्ति मिळून दीडशें मेगावॅटांच्या आसपास आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे अंतर कळेल. या नव्या यंत्रांसाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांना उठावें लागलें. म्हणजे तेथेंहि आजी आहेतच.

अणुवीज म्हणजे कांहीं चमत्कार नव्हे. अणु फुटतो, उष्णता निघते, त्या उष्णतेनें पाणी उकळतें, वाफेनें चक्र फिरतें. शेवटीं चुलीवर आधणच ठेवावयाचें. फरक सरपणाचा. आपल्या देशी भट्टींत एक किलो युरेनियम वीस टनांहून अधिक कोळशाचें काम करतें. धूर निघत नाहीं, आणि ही चूल ऊन असो, ढग असोत, वारा पडो, रात्रंदिवस सारखी पेटलेली राहते. इतकें असूनहि देशांतल्या एकंदर विजेंत अणूचा वाटा आज शेंकडा तीनच्या आसपास आहे; कोळशाचा शेंकडा सत्तरांच्या घरांत. सुमारें नऊ हजार मेगावॅटांची आजची शक्ति २०४७ पर्यंत एक लक्ष मेगावॅटांवर न्यावयाची असा संकल्प सरकारनें २०२५ सालीं सांगितला आहे. कोंकणांत जैतापूर येथें ९,९०० मेगावॅटांचें केंद्र करण्याचें पुष्कळ वर्षांपासून घाटत आहे. त्यावरून माडबन आणि नाटें या भागांत काय काय झालें, २०११ सालीं गोळीबारापर्यंत मजल कशी गेली, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

आतां राख. अणूची जळालेली कांडी भट्टींतून काढली म्हणजे तींत बरेंच कांहीं उरतें. आपल्याकडे तिच्यांतून कामाचा भाग रसायनांनीं वेगळा काढतात, आणि उरलेला जहाल भाग कांचेंत आळवून पोलादी डब्यांत बंद करतात. असें काम तारापुरासहि चालतें. या उरलेल्यांतील मुख्य द्रव्यांचा जोर दर तीस वर्षांनीं निम्मा होतो, म्हणजे तीनशें वर्षें ती राखली तर बराचसा दाह शमतो. तीनशें वर्षें म्हणजे पहिल्या बाजीरावापासून आजपर्यंतचा काळ. त्या काळांत येथें पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, दप्तरें जळलीं, भाषेची लिपिहि मोडीची बाळबोध झाली. एवढा काळ एक डबा कोणीं सांभाळला असता? आणि ही सोपी बाजू झाली. त्या कांडींत जें प्लुटोनियम तयार होतें त्याचा जोर निम्मा व्हावयास सुमारें चोवीस हजार वर्षें लागतात.

हा आंकडा मनांत भरेना, म्हणून एका सकाळीं मी भाच्याला घेऊन कोंढाण्याच्या लेण्यांत गेलों. राजमाचीच्या पायथ्याशीं, आमच्याच तालुक्यांत, दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंनीं तीं कोरलीं. आंत एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. आमच्या लहानपणीं खालच्या वाडींतले लोक तीं लेणीं पांडवांनीं एका रात्रींत कोरलीं असें सांगत. बलकानें नांव दगडांत कोरलें, दगड टिकला, अक्षरें टिकलीं. पण मधल्या कित्येक शतकांत तीं वाचणारा या देशांत कोणी उरला नव्हता. १८३७ सालीं प्रिन्सेपनें ब्राह्मीचें कोडें उलगडलें तेव्हां बलकाला पुन्हा वाचा फुटली. प्लुटोनियमचें अर्धें आयुष्य म्हणजे अशा बारा कोंढाण्यांचा काळ. "येथें खणूं नका, खालीं विष आहे," हें वाक्य आपण कोणत्या लिपींत कोरून ठेवणार आहों? आणि वाचणारा त्यालाहि पांडवांची कृति समजून देवळासारखें पुजणार नाहीं कशावरून?

भाचा बराच वेळ गप्प होता. उतरतांना म्हणाला, "मामा, एक विचारूं? कोळसा जाळतों तेव्हां जो वायु आकाशांत जातो, त्याच्यापैकींहि बराचसा शेंकडों वर्षें तेथेंच राहतो, कांहीं तर हजारों वर्षें. त्याला डबा नाहीं, कुलूप नाहीं. समुद्र वर चढेल तेव्हां ज्यांचीं घरें जातील तेहि अजून जन्मलेले नाहींत. त्यांना तरी कोणीं विचारलें? आणि वीज केलीच नाहीं, तर अंधारांत जन्मणाऱ्या मुलांना तरी आपण विचारलें आहे का?" उत्तर देण्यासारखें नव्हतें, आणि दिलेंहि नाहीं. जे लोक अणु नको म्हणून घरीं येऊन कोळशाच्या विजेवर पंखा लावतात, त्यांत मीहि आहें. न जन्मलेल्यांच्या नांवानें बोलणारानें सर्वच चुलींची राख मोजली पाहिजे; एकीची मोजावयाची आणि दुसरीची वाऱ्यावर सोडावयाची, हा हिशोब नव्हे.

मग कोणतें कर्ज न्याय्य आणि कोणतें अन्याय्य? येथें मला आपलें जुनें धर्मशास्त्र उपयोगी पडलें. मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मतो असें तें सांगतें, आणि त्यांपैकीं पितृऋण फेडण्याचा मार्ग मोठा चमत्कारिक आहे : तें पितरांना परत द्यावयाचें नसतें, संततीला द्यावयाचें असतें. म्हणजे मागच्यांचें देणें पुढच्यांच्या पदरांत टाकावयाचें. आपण नेमकें उलट करीत आहों. पुढच्यांच्या नांवें कर्ज काढून आजचा सण साजरा करीत आहों. पण शास्त्र एवढ्यावर थांबत नाहीं. बापाचें कर्ज मुलानें फेडावें, हा नियम घालून देतांना स्मृतिकारांनीं त्याला अपवाद जोडले : जुगाराचें, मद्याचें, वायफळ दानाचें कर्ज मुलावर पडत नाहीं. अशा कर्जाला 'अव्यावहारिक' म्हणत. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनींहि ही वाटणी मानली; आणि मुलावरचें तें बंधन २००५ च्या दुरुस्तीनें कायद्यांतून गेलें असलें, तरी त्यांतली विवेकाची दृष्टि गेली असें मला वाटत नाहीं. कुटुंब जगावें म्हणून बापानें काढलेलें कर्ज नातू कुरकुर न करतां फेडतो. फडावर उधळलेलें कर्ज त्यानें कां फेडावें?

म्हणून अणुवीज बरी कीं वाईट, असा प्रश्न विचारण्याऐवजीं, तिनें आपण काय करणार, हें आधीं विचारावें. प्रसूतिगृहांतला दिवा, विहिरीवरचा पंप, आगगाडीचें इंजिन, मुलांच्या अभ्यासावरचा दिवा यांसाठीं काढलेलें ऋण हें व्यवहारी ऋण. याबद्दल तीनशें वर्षांनंतरचा वंशज आपल्याला फार तर अडाणी म्हणेल, उधळे म्हणणार नाहीं. पण आमच्याच तालुक्यांत आतां शनिवार-रविवारचे बंगले झाले आहेत. त्यांचीं अंगणें मालक नसतांहि रात्रभर उजळलेलीं असतात, आणि त्यांच्यामागच्या टेकाडावर ठाकर-कातकऱ्यांच्या वाडींत एक वाऱ्याची झुळूक आली तरी दिवा जातो. या उजेडासाठीं चोवीस हजार वर्षांची हुंडी लिहून द्यावयाची असेल, तर ती कोणत्याहि सभेंत लिहितां येणार नाहीं अशी माझी समजूत आहे.

यावर कोणी म्हणेल, तारेंत आल्यावर विजेला जात राहत नाहीं; बंगल्याची वीज आणि दवाखान्याची वीज वेगळी कशी काढणार? आक्षेप अगदीं बरोबर आहे. अणूची वीज, कोळशाची, उन्हाची, घाटाची, सगळी एका प्रवाहांत मिसळते. पण एकत्र कुटुंबाच्या कर्जाचा हिशोब तरी कोठें रुपयांवर खुणा करून करतात? घरखात्याची वही उघडून पाहतात. ज्या घरांत रोज दिवाळी चालते त्या घरानें धान्यासाठींच कर्ज काढलें, हें कोणी खरें मानीत नाहीं. राष्ट्राची वही अशी उघडून पाहण्याचें आपण टाळतों. नवें केंद्र किती मेगावॅटांचें, हें ठळक अक्षरांत छापून येतें. जुने किती दिवे उगाच जळतात, हें कोणी छापीत नाहीं. भिवपुरीवरच आतां एक हजार मेगावॅटांची नवी योजना यावयाची आहे, २०२३ सालीं तिचा करार झाला. वीज उतू जाईल तेव्हां पाणी घाटावर चढवावयाचें आणि टंचाईच्या वेळीं तेंच खालीं सोडावयाचें. कल्पना मला आवडते. मात्र पुन्हा एकदां आमच्याच भिंतीला शिडी लागणार, हें वाचल्यावर मनांत आजी आल्या, हें नाकबूल कसें करूं?

एवढा खल केल्यावर भाच्याला काय सांगावें? नवीन भट्ट्या उभारूं नयेत, असें माझें ठाम मत झालें असतें तरीहि त्याला मीं नको म्हटलें नसतें, हें मला कोंढाण्याहून परतल्यावर उमगलें. तारापूरची चूल १९६९ पासून पेटली आहे. तिची राख आजच तेथें आहे. उद्यां देशानें अणूशीं काडीमोड घेतली तरी ती राख नाहींशी होणार नाहीं. तिला राखणदार हवाच, आणि त्याच्यामागून दुसरा, आणि त्याच्यामागून तिसरा, बाजीरावापासून आपल्यापर्यंत जितक्या पिढ्या झाल्या तितक्या. हात झटकून मोकळें होण्याची सोय या बाबतींत कोणालाच उरलेली नाहीं. अशा ठिकाणीं, आंकडे लपविणार नाहीं आणि आईनें विचारलेला प्रश्न विसरणार नाहीं असा मुलगा जाणें, हें न जाण्यापेक्षां चांगलें. मीं त्याला जा म्हणून सांगितलें. आणखी एक गोष्ट मागितली : तेथें कांहीं चुकलें, तर वरिष्ठाची मर्जी पाहून कागद दाबूं नकोस. त्यानें होकार दिला. तरुणपणीं होकार सोपा असतो, पण मुलगा सरळ आहे.

ताईला मीं हें सर्व जसेंच्या तसें सांगितलें. राखणदार पाहिजे, हें तिला पटलें. "पण तो दुसऱ्या कोणाच्या घरचा पाहावयाचा होतास," एवढें बोलून ती आंत गेली. भाचा आषाढांत रुजू झाला. महिन्यांतून एकदां येतो, खुशाल असतो. ताई अजून माझ्याशीं मोजकेंच बोलते.